ग्रंथालयाचा संचालक निवडताना

विद्यापीठातल्या मुख्य ग्रंथपालाला २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमापासून ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक म्हणतात. पाटी बदलली, पण योग्य माणूस निवडला जाईल ना, ही प्राध्यापकांची धाकधूक तीच.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत अटी स्पष्ट आहेत : ग्रंथालयशास्त्रात पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, पीएच.डी., ग्रंथपाल किंवा त्या विषयाचा अध्यापक म्हणून १० वर्षांचा अनुभव, आणि ग्रंथालयात तंत्रज्ञान वापरून काही नवं केल्याचा पुरावा. गाडी अडते ती अनुभवाच्या दाखल्यावर. ‘ग्रंथालयात कार्यरत होते’ एवढंच लिहिलेलं असतं. पद, वेतनश्रेणी, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, काहीच नाही. छाननीतच नेमणूक आदेश आणि विद्यापीठ मान्यतेचं पत्र मागून घ्यावं, नाहीतर पुढे कोर्टाची पायरी ठरलेली. नव्या कामाचा पुरावा तर कुणी उघडूनही बघत नाही.

दुसरं दुखणं अतिरिक्त कार्यभाराचं, म्हणजे पद रिकामं ठेवून काम दुसऱ्याच कुणाकडे सोपवण्याचं. बऱ्याच जर्नल्सची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर चालते. प्रभारी माणूस मोठ्या रकमेवर सही करायला कचरतो, फाईल टेबलावर पडून राहते आणि ऐन प्रबंधाच्या घाईत जर्नल्सचं लॉगिन बंद.

निवड समितीत बाहेरचे तीन विषयतज्ज्ञ असतात, त्यांतले दोन हजर हवेतच. ते ग्रंथालयशास्त्रातलेच आहेत ना, हे प्राध्यापकांनी आधीच विचारावं. मुलाखतीत वर्गीकरणाच्या व्याख्या कशाला? नंदुरबारमधल्या दुर्गम धडगावच्या संशोधकाला रेंज नसताना लेख कसा पोचवाल, अहिराणी ध्वनिमुद्रणांची नोंद कोणत्या रकान्यांत कराल, हे विचारा.