तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह असताना खांब कशाला?

मी आयुष्यभर मोजणीच्या कामात होतो आणि त्यातली काही वर्षं सरहद्दीवर काढली, हे कळलं की समोरचा माणूस हटकून एकच प्रश्न विचारतो. "आता वर उपग्रह आहेत, साधा फोनसुद्धा आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. मग दोन देशांची माणसं अजून खांद्यावर स्टँड टाकून रानोमाळ का हिंडतात? आकडे घ्यायचे, नकाशावर टाकायचे, संपलं!"

बहुतेक वेळा मी "तसं नसतं हो" म्हणून विषय टाळतो, कारण उत्तर लांबतं. आज टाळत नाही.

उपग्रह तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतो. सीमा कुठे आहे हे त्याला कुठून ठाऊक असणार? सीमा असते तहाच्या मजकुरात, आणि तो मजकूर लिहिणाऱ्यांनी ती जमीन बहुधा पाहिलेलीही नसते. इराक आणि कुवेतची सीमा १९३२च्या पत्रव्यवहारात लिहिली गेली ती अशी, की रेषा सफवानच्या विहिरींच्या दक्षिणेकडून पूर्वेला जाईल. दक्षिणेकडून म्हणजे किती दक्षिणेकडून? दहा पावलं की दोन मैल? तिथे हद्द दाखवणारी एक पाटी होती म्हणतात, तीही पुढे राहिली नाही. या 'दक्षिणेकडून'चा निकाल लागायला एक युद्ध व्हावं लागलं. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने ते काम १९९३ साली पुरं केलं आणि दर दोनेक किलोमीटरवर खांब उभे केले.

सीमा ठरवणं आणि सीमा आखणं ही दोन वेगळी कामं आहेत. ठरवतात मंत्री आणि वकील. आखतात आमच्यासारखे, घामाघूम होऊन. आणि आखायला बसलं की कळतं, ठरवताना किती गोष्टी ठरल्याच नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, मजकूर मोघम होता म्हणून घोळ झाला. नेमका आकडाच लिहिला असता तर? म्हणून ४९व्या अक्षांशाची गोष्ट सांगतो. अमेरिका आणि तेव्हाच्या ब्रिटिश अमलातला कॅनडा यांची पश्चिमेकडची सीमा या अक्षांशावरून जाईल, असं १८१८ आणि १८४६च्या करारांनी ठरलं. नदी नाही, डोंगर नाही, गाव नाही, नुसता आकडा. तो जमिनीवर उतरवायला दोन्ही बाजूंच्या तुकड्या निघाल्या. गवताळ मैदानांतलं काम १८७२ ते १८७४ या काळात झालं. रात्री ताऱ्यांचे वेध घ्यायचे आणि त्यावरून अक्षांश काढायचा, ही रीत. पण ताऱ्याची उंची मोजायची तर आधी 'सरळ खाली' म्हणजे कुठे ते कळायला हवं, आणि ते ठरवतं गुरुत्वाकर्षण. म्हणजे आपला ओळंबाच. शेजारी डोंगर असला किंवा जमिनीखाली जड खडक असला की ओळंबा तिकडे ओढला जातो. इतका किंचित, की डोळ्याला जन्मात दिसणार नाही. पण अक्षांशात एका सेकंदाचा फरक, म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग, जमिनीवर सुमारे ३१ मीटर होतो. पाच सेकंद चुकलात तर दीडशे मीटर गेले.

म्हणून आज त्या खांबांपाशी उपग्रहाचं यंत्र लावलं तर ते ४९व्या अक्षांशावर सापडत नाहीत. कुणी उत्तरेला, कुणी दक्षिणेला, काही तर शेकडो फुटांनी सरकलेले. मग खरी सीमा कुठली, कराराच्या आकड्याची की चुकलेल्या खांबांची?

खांबांची. १९२५च्या करारात दोन्ही देशांनी स्वच्छ लिहून टाकलं की लगतच्या दोन खांबांना जोडणारी सरळ रेषा हीच सीमा. ज्या खुणेवर दोघांनी मान डोलावली आणि जिच्या अलीकडे-पलीकडे लोकांनी शेतं केली, घरं बांधली, ती खूण गणितात चुकली असली तरी हद्द म्हणून बरोबर असते. हे पचायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. आम्हा मोजणीवाल्यांना शेवटच्या सेंटिमीटरचा लोभ असतो.

त्याच १९२५च्या कराराने त्यांचा संयुक्त सीमा आयोग कायमचा झाला. दोन आयुक्त, प्रत्येक देशाचा एक. ८,८९१ किलोमीटरची रेषा सांभाळणं हे त्यांचं काम, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे झाडं तोडणं. सीमेवरच्या जंगलातून ६ मीटर रुंदीचा मोकळा पट्टा ठेवायचा असतो, म्हणजे एका खांबापासून दुसरा दिसतो. रान काही करार वाचत नाही. ते वाढतच राहतं.

आता आमच्या कामातला एक प्रसंग. देशांची नावं सांगत नाही. नोकरीतले काही नियम पेन्शनबरोबर मागे येतात. एक जुना खांब बेपत्ता होता. कुणी उपटला, पुरात गेला की नुसताच मोडून मातीला मिळाला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या तुकडीने जुन्या नकाशावरून त्याची जागा काढली, आमच्या तुकडीने आमच्या कागदांवरून काढली. दोन जागांमध्ये चाळीस मीटरचं अंतर निघालं. यंत्रं दोघांचीही उत्तम होती. संयुक्त कामात रिवाज असा, की एकाच बिंदूवर दोघांनी निरीक्षणं घ्यायची, मग यंत्रांची अदलाबदल करून पुन्हा घ्यायची, म्हणजे कुणाच्या यंत्राविषयी कुणाला शंका राहत नाही. तेही झालं होतं. घोळ आकड्यांच्या जन्मात होता. पृथ्वीचा आकार गणितात बसवण्यासाठी एक गोलाभ, म्हणजे किंचित चपटा गोल, धरावा लागतो, आणि प्रत्येक काळाने, प्रत्येक देशाने आपापला धरलेला असतो. आपल्या उपखंडातले जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या ब्रिटिश मोजणी-अधिकाऱ्याच्या १८३०च्या गोलाभावर आहेत. त्यातले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे आजच्या यंत्रात भरले, तर जागा शे-दीडशे मीटर सहज सरकते. रूपांतराची सूत्रं असतात, पण तीही दोघांची वेगळी.

दोन दिवस आम्ही सूत्रांवर वाद घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे प्रमुख, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे असतील, माझ्याकडे येऊन म्हणाले, "साहेब, नकाशे गुंडाळा. फावडं मागवा."

दोन खड्डे कोरडे गेले. तिसऱ्यात हातभर खाली माती काळी लागली. ते गुडघे टेकून बसले, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि माझ्या तळहातावर ठेवली. कोळसा. जुने लोक खांबाच्या बरोबर खाली कोळसा पुरून ठेवायचे, कारण तो कुजत नाही. वरचा दगड चोरीला जातो, खालचा कोळसा कोण नेणार? ही युक्ती फार जुनी. आपल्या प्राचीन धर्मशास्त्रातही सीमेच्या गुप्त खुणा म्हणून राख, खापरं, कोळसा पुरायला सांगितलंय.

मोजून पाहिलं. कोळसा आमच्या जागेपासून अकरा मीटरवर होता, त्यांच्या जागेपासून तीस मीटरवर. आमच्या पोरांच्या चेहऱ्यावर थोडा आनंद दिसला. ते प्रमुख मात्र हात झटकत म्हणाले, "दोघंही चुकलोय. बरं झालं, सह्या लवकर होतील."

आणि झाल्या. हा कोळसा आमच्या एकट्या तुकडीला सापडला असता, तर तो 'आमचा पुरावा' झाला असता आणि पलीकडच्यांनी तो उडवून लावला असता. दोघांच्या देखत निघाला, एकाच पंचनाम्यात लिहिला गेला, म्हणून त्याला किंमत आली.

नदीची सीमा असली की सगळ्यांचीच झोप उडते. तह लिहिताना नदी जिथे होती तिथे ती राहील याची हमी कुणी द्यायची? भारत-नेपाळ सीमेचा पाया १८१६चा सुगौलीचा तह. त्यात गंडकी आली. गंडकीने पात्र बदललं आणि सुस्ता हे गाव कुणाच्या बाजूला यावरून वाद उभा राहिला. बाकी त्या सीमेवर काम भरपूर झालंय. १९८१मध्ये दोन्ही देशांची संयुक्त तांत्रिक समिती बसली आणि २००७पर्यंत सुमारे ९८ टक्के सीमेचे १८२ पट्टी-नकाशे तज्ज्ञांच्या पातळीवर तयार झाले. सुस्ता आणि उत्तराखंडजवळचं कालापानी तेवढे राहिले, आणि बातम्यांत तेवढेच येतात. तिथे रेषेच्या दोन्ही अंगांना दहा-दहा गज जमीन मोकळी सोडलेली असते, तिला दसगजा म्हणतात. ती मोकळी राहते असं मात्र समजू नका. कुणाचं पीक येतं, कुणाचा गोठा येतो. २०१४पासून दोन्ही देशांचा सीमा कार्यगट खांब दुरुस्त करणं, नवे उभे करणं आणि ही अतिक्रमणं नोंदवणं ही कामं करतोय.

दोन्ही बाजू शहाण्या असल्या की काय होतं, त्याचा माझा आवडता नमुना बाल्टिक समुद्रात आहे. मार्केट नावाचा एक उघडा खडक, जेमतेम तीन-साडेतीन हेक्टरचा. १८०९च्या तहाने स्वीडन आणि रशियाच्या ताब्यातलं फिनलंड यांची सीमा त्याच्या मधोमध गेली. १८८५मध्ये फिनलंडच्या बाजूने दीपगृह बांधलं गेलं आणि ते चक्क स्वीडनच्या अर्ध्या भागात उभं राहिलं. शंभर वर्षं तसंच चाललं. १९८५मध्ये दोघांनी बसून सीमा अशी वाकवली की दीपगृह फिनलंडकडे गेलं, तरी दोघांचं क्षेत्रफळ जेवढ्यास तेवढं राहिलं आणि मासेमारीच्या हक्कांना धक्का लागू नये म्हणून किनाऱ्यावर सीमेची टोकंही हलली नाहीत. नकाशात आता ती रेषा नागमोडी दिसते. खांब नाहीत, कारण हिवाळ्यात वाहत येणारा बर्फ वर आलेलं काहीही कापून नेतो. म्हणून खडकात भोकं पाडलीत. तीच हद्दीची खूण. दर २५ वर्षांनी दोन्ही देशांचे लोक जाऊन सीमा तपासतात.

आणि नुसत्या आकड्यांनी भागवायचं ठरवलं तर? तेही करून झालंय. एरिट्रिया आणि इथिओपियाच्या युद्धानंतर सीमा आयोगाने २००२मध्ये निर्णय दिला. खांब उभारायची वेळ आली तेव्हा सहकार्य मिळेना. शेवटी आयोगाने खांबांच्या जागांचे अक्षांश-रेखांश यादी करून दिले आणि जाहीर केलं की ठरल्या मुदतीत खांब उभे राहिले नाहीत तर या यादीनेच सीमांकन झालं असं धरावं. २००७च्या अखेरीस मुदत संपली. यादी आधुनिक आणि नेमकी होती, कुणाला चूक काढता आली नसती. बद्मे हे गाव त्या यादीनुसार एरिट्रियाचं. आणि पुढची दहाहून जास्त वर्षं ते इथिओपियाच्याच ताब्यात होतं. तुमच्या 'आकडे घ्या, नकाशावर टाका, संपलं' या सूचनेचा प्रयोग मला माहीत आहे तो हा.

खांब उभा राहिला तरी काम सरत नाही. २०२१मध्ये बेल्जियममधल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या आड येतो म्हणून एक दगड उचलून २.२९ मीटर पलीकडे ठेवला. तो १८१९चा, फ्रान्सच्या सीमेवरचा दगड निघाला. बेल्जियम तेवढा मोठा झाला! इतिहासाची आवड असलेल्या एका भटक्याच्या ते लक्षात आलं. दोन्हीकडच्या स्थानिक पुढाऱ्यांनी हसण्यावारी नेलं, कारण संबंध चांगले. हेच दुसऱ्या एखाद्या सीमेवर घडलं असतं तर त्या रात्री चौक्यांवर कुणी झोपलं नसतं. बांध कोरणारा शेतकरी सगळीकडे असतोच. फरक पडतो तो शेजाऱ्याशी बोलणं चालू आहे की नाही याने. म्हणून चांगल्या करारात खांबांची देखभाल वाटून दिलेली असते, आणि मोडलेला खांब कुणीही एकट्याने परत उभा करायचा नाही असंही घातलेलं असतं.

आमचा खांब त्या कोळशावरच उभा राहिला. आधी खाली खोल एक खूण पुरली, तिच्यावर काँक्रीट. त्यांच्या बाजूच्या तोंडावर त्यांच्या देशाचं नाव, आमच्या बाजूला आमच्या, आणि क्रमांक दोन्हीकडे. गवंड्याने ओळंबा लावून खांब सरळ असल्याचं सांगितलं. ते वयस्कर प्रमुख म्हणाले, आपणही पाहू. त्यांच्या खिशात पितळेचा एक ओळंबा होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. माझ्याकडे माझा होता. त्यांनी आपला माझ्या हातात दिला आणि माझा मागून घेतला. मग त्यांचा ओळंबा मी आमच्या बाजूने सोडला, माझा त्यांनी त्यांच्या बाजूने, आणि दोन्ही दोऱ्या हलायच्या थांबेपर्यंत आम्ही गप्प उभे राहिलो.