सुट्टीतलं कोल्हापूर

पुण्याहून वहिनी आणि भाचा आलेत, म्हटलं अंबाबाई झाली, रंकाळा झाला, आता जरा चित्रं दाखवू. आधी टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. काळ्या दगडाची ती इमारतच बघत बसावी अशी आहे, बाहेर बागेत झाडांची गार सावली. आत इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा पोसायडन आहे, एवढासा, भाच्याला समजेना की ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा पोचला. व्यापार रे बाबा, रोमन लोकांशी चालायचा. पण मी अडकलो ते आबालाल रहिमानांच्या चित्रांपाशी, शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यांनी कोटितीर्थाचा परिसर वेगवेगळ्या उजेडात इतका रंगवलाय की वहिनी म्हणाल्या, अहो भाऊजी हे तळं मला आत्ताच्या आत्ता बघायचंय. १९२२ला महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात बुडवली असं जुने लोक सांगतात, खरं खोटं देव जाणे.

मग मिसळ. (त्यावर वेगळी पोस्ट लागेल.)

दुपारी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय, त्यांचं राहतं घरच ते. सिनेमातले हिरो म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण पावडर शेडिंग बघा एकदा, कोरडी पावडर कागदावर घासून काढलेली निसर्गचित्रं, जवळ जाऊन बघितलं तरी ब्रश नाही हे पटत नाही. गर्दी अजिबात नव्हती, कुणी पुढं चला म्हणत नाही, बसा निवांत. भाचा तर घरी येऊन आईची टाल्कम पावडर घेऊन बसलाय, वहिनींचा आरडाओरडा चालू आहे 😂