धुवायला दिलेले कपडे

दुपारी नेमका डोळा लागायला आणि इस्त्रीवाल्याच्या मुलाने बेल वाजवायला एकच गाठ. घोडबंदर रोडच्या टॉवरांत म्हणे आधी खालून फोन येतो. आमच्या नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगीत तसले लाड नाहीत. गठ्ठा हातात ठेवून तो म्हणाला, "अकरा आहेत, काकू." मी पैसे दिले, मोजले काही नाहीत. आई असती तर दारातच सोडवला असता गठ्ठा.

चरईच्या चाळीत आमच्याकडे धोब्याची वही होती. माझं अक्षर बरं म्हणून ती लिहायचं काम माझ्याकडे. आई जमिनीवर ढीग लावत सांगायची आणि मी पालथी पडून लिहायचे: धोतरं २, सदरे ४, अभ्रे ४, चादर १ (फाटकी). ते 'फाटकी' लिहायलाच हवं असा तिचा हट्ट. उद्या कुणी धोब्याच्या नावाने ओरडायला नको. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची काळी खूण असायची; आमची दोन टिंबं आणि एक रेघ. आजोबांची धोतरं विरून त्यांची फडकी झाली, तरी खूण तशीच.

भाचीकडे अ‍ॅमस्टरडॅमला गेले होते तेव्हा तिने हौसेने रेम्ब्रांटचं घर दाखवायला नेलं. १९११ पासून तिथे संग्रहालय आहे. आता माझी एक खोड. चित्रकाराचं घर असो की संताचा मठ, मी आधी स्वयंपाकघरात शिरते. "मावशी, अगं स्टुडिओ वर आहे!" भाची जिन्यावरून ओरडतेय आणि मी चुलीसमोर उभी. तिथेच भिंतीतल्या कपाटात मोलकरणीचं अंथरूण. कपाट इतकं आखूड की पाय पसरायची सोय नाही. त्या काळी उशांना टेकून, अर्धवट बसूनच झोपायचे म्हणे. नुसतं बघून माझे गुडघे दुखायला लागले.

खरी गंमत पुढेच. त्या घरातलं बरंचसं सामान रेम्ब्रांटचं नाहीच. ते लिलावात गेलं. १६५६ साली त्याचं दिवाळं निघालं, कारकून आले आणि खोली खोली फिरून सगळं लिहून घेऊन गेले. ३६३ नोंदी. पुढे त्याच यादीवरून, त्या काळच्या वस्तू जमवून घर पुन्हा मांडलं. म्हणजे सावकारांसाठी केलेल्या यादीमुळे आज आपल्याला त्याचा दिवाणखाना दिसतो!

माणूस भलताच हौशी. रोमन सम्राटांचे पुतळे, शिंपले, पोवळी, शस्त्रं, ढिगाने चित्रं. हॉलंडबाहेर कधी न गेलेल्या या माणसाने मुघल चित्रांवरूनही रेखाटनं केली. शहाजहान काढलाय त्याने! पण मला धरून ठेवलं यादीच्या शेवटाने. धुवायला दिलेले कपडे: शर्ट ३, रुमाल ६, नॅपकिन १२, टेबलक्लॉथ ३, शिवाय थोड्या कॉलरी आणि कफ.

मी ते पुन्हा वाचलं. घरात नसलेले कपडे कारकुनाला दिसणार कसे? कुणीतरी सांगितलं असणार. मोलकरणीने, नाहीतर त्याच्यासोबत संसार करणाऱ्या हेन्ड्रिकियाने. सगळा संसार लिहून झालाय, दारात कारकून दौत मिटतोय आणि घरातलं कुणी म्हणतंय, थांबा, थोडे कपडे धुवायला गेलेत. गप्प बसता आलं असतं की. तीन शर्टांनी कुणाचं कर्ज फिटणार होतं? माझ्या आईने मात्र सांगितलं असतं. वर 'एक फाटका आहे' असंही लिहायला लावलं असतं.

वरची एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, मी पाहिली, नाही असं नाही. छान आहेत.

परवा तलावपाळीवर फिरताना शेजारच्या वहिनींना हे सगळं सांगत होते. चित्रांचं ऐकताना त्यांचं लक्ष शेंगदाण्यांच्या पुडीत. मग म्हटलं, वहिनी, १६३९ साली १३,००० गिल्डरना घेतलेलं घर, हप्ते काही फिटले नाहीत, आणि १६५८ मध्ये गेलं ११,२१८ ला.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. एकोणीस वर्षांनी, आणि कमीला? ठाण्यात कुणी ऐकलंय असं?

"कार्पेट की बिल्टअप?" त्यांनी विचारलं.