फाटक्या स्पीकरची खोली

अमेरिकेतल्या नॅशव्हिलहून मेम्फिसला गाडीने तीन तास लागतात. इथे येणारे बहुतेक जण एल्व्हिस प्रेस्लीचं घर बघायला ग्रेसलँड गाठतात. आम्ही आधी ७०६, युनियन अ‍ॅव्हेन्यूवर गेलो, सन स्टुडिओत. बाहेरून नाक्यावरचं दुकान वाटावं अशी जागा, आणि आत रेकॉर्डिंगची खोली शाळेच्या वर्गाएवढी.

सॅम फिलिप्सने १९५० साली हे दुकान थाटलं. लग्न असो की भाषण, पैसे द्या आणि रेकॉर्ड करून न्या. मार्च १९५१ मध्ये मिसिसिपीहून १९ वर्षांचा आयक टर्नर आपला बँड घेऊन आला. वाटेत गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची वाट लागली होती. कुणी म्हणतं टपावरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. आतल्या स्पीकरचा कागद फाटलेला. सॅमने त्यात कागदाचे बोळे कोंबले. घसा बसल्यासारखा खरखरीत आवाज येऊ लागला, तर पठ्ठ्याने तो लपवायचं सोडून चांगला पुढे आणला! तेच 'रॉकेट ८८', ओल्ड्समोबिल गाडीवरचं गाणं. आर अँड बीच्या, म्हणजे रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं. रेकॉर्डवर नाव मात्र गायलेल्या जॅकी ब्रेन्स्टनचं. आयक बसला हात चोळत.

पहिलं रॉक अँड रोल हेच का, यावर लोक अजून भांडतात. भांडोत बापडे.

५ जुलै १९५४ च्या रात्री याच खोलीत ट्रक चालवणारा एल्व्हिस संथ गाणी म्हणून थकला होता. मधल्या सुट्टीत गंमत म्हणून त्याने ब्लूज गायक आर्थर क्रूडपचं 'दॅट्स ऑल राइट' जोरात सुरू केलं. बिल ब्लॅकने बास उचलला, मागून स्कॉटी मूरची गिटार आली. सॅमने दारातून डोकं काढून विचारलं, हे काय चाललंय? तिघांनाही सांगता येईना. मग म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून घ्या.

काही दिवसांत ते रेडिओवर वाजलं. रेडिओवरचा निवेदक ड्यूई फिलिप्स याने मुलाखतीत एल्व्हिसला मुद्दाम शाळेचं नाव विचारलं. तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. 'ह्यूम्स हाय' म्हणताच ऐकणाऱ्यांना कळलं, पोरगा गोरा आहे.

क्रूडप काळा होता. गाणं त्याचं, पण त्याच्या वाट्याचे पैसे त्याला जवळजवळ मिळालेच नाहीत. १९७४ मध्ये तो गेला.

परतताना गाडीत त्याचं १९४६ चं मूळ गाणं लावलं. एल्व्हिसच्या रेकॉर्डमध्ये ड्रम नाहीत. क्रूडपच्या गाण्यात आहेत, आणि काय ठेका आहे!