सोलापूरचा उन्हाळा आणि परसातल्या १२ कोंबड्या: फेब्रुवारी ते जूनची नोंद

थंड देशातले व्हिडिओ बघून हिवाळ्यात बरेच जण विचारतात, तुऱ्याला व्हॅसलीन लावायचं का? तुरा गोठून काळा पडायला पारा शून्याच्या खाली जावा लागतो. आपल्याकडे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतल्या पहाटेलाही तसं होत नाही. इथे तुऱ्यावर काळे खपले दिसले तर ते देवी या रोगाचे असतात किंवा टोचाटोचीच्या जखमांचे. डासांनी पसरणाऱ्या देवीवर लस आहे, व्हॅसलीन नव्हे. आपली खरी लढाई एप्रिल-मेशी आहे आणि तिची तयारी फेब्रुवारीत सुरू होते.

कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती तुरा, चोचीखालच्या लाल पाकळ्या, उघडे पाय, पंखांखालची विरळ पिसांची कातडी आणि धापा टाकताना बाहेर पडणारी वाफ यांतून सोडते. तिचं नेहमीचं तापमानच ४१ ते ४२ अंश असतं. बाहेर ४२ झालं की नुसत्या सावलीने उष्णता बाहेर जात नाही, पाण्याची वाफ होऊनच जाते. पुढची सगळी कामं या एका गोष्टीवर उभी आहेत.

फेब्रुवारीअखेर: छप्पर

खुराडं ८ बाय ६ फुटांचं, वर पत्रा, कोंबड्या १२. एका कोंबडीला ४ चौरस फूट मिळतात, उन्हाळ्यात याहून दाटी नको. पत्र्याला आधी चुना दिला. १ किलो कळीचा चुना ३ लिटर पाण्यात रात्रभर विरवला, सकाळी कापडातून गाळून त्यात १०० मिली फेव्हिकॉल घातलं आणि संध्याकाळी दोन हात मारले. चुना विरताना पाणी उकळतं, म्हणून प्लास्टिकची बादली घेऊ नका आणि डोळे जपा. हात संध्याकाळीच मारायचा. तापल्या पत्र्यावर चुना क्षणात वाळतो, धरत नाही आणि आठवड्यात भुकटी होऊन उडतो. मीठ घालायची जुनी पद्धत पत्र्याला गंज आणते, ती टाळली.

चुन्यानंतर पत्र्यावर आडवे बांबू टाकले आणि त्यांवर उसाचं पाचट वीतभर जाड पसरून सुतळीने आवळलं. पत्रा आणि पाचट यांच्यामध्ये चार बोटं फट हवीच. हवा तिथूनच खेळते, पाचट थेट पत्र्यावर टाकलं तर निम्मा फायदा जातो. कडबाही चालतो, पण उन्हाळ्यात कडबा जनावरांच्या तोंडचा घास आहे. या जिल्ह्यात पाचट सहज मिळत असताना तो छपरावर घालणं मनाला पटत नाही. पाचटावर पाणी मारू नका. आतून कुजतं, बुरशी धरतं आणि ती बुरशी कोंबड्यांच्या फुफ्फुसात जाते. चूल किंवा दिवा जवळ असेल तर पाचटाचा विचारच सोडा.

खालचा भुसा चार इंचांवरून दोनवर आणला. जाड थर आत कुजताना स्वतःच तापतो.

मार्च: पाणी

एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते. कडक उन्हात तेच दुप्पट आणि कधी त्याहून जास्त होतं. म्हणजे १२ कोंबड्यांना सांडलवंड धरून ८ लिटर रोज बाजूला हवं. शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, तेव्हा हा हिशेब आधीच करून माठ भरून ठेवलेला बरा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी सरळ देऊ नका. दुपारी ते हाताला चटका देतं आणि तापलेलं पाणी कोंबडी चोच बुडवून सोडून देते. भांडं भरलेलं दिसतं म्हणून आपण निर्धास्त राहतो, इथेच घात होतो. पसरट मातीची भांडी तीन, तिन्ही वेगवेगळ्या सावलीत. एकच ठेवलं तर दांडगी कोंबडी तिथे ठाण मांडते आणि बुजऱ्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, पाणी मिळत नाही. पाण्याची खोली चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे पिताना पाकळ्याही भिजतात. पिल्लं असतील तर भांड्यात खडे टाका, नाहीतर बुडतात. पाणी बदलायच्या वेळा ११, १ आणि ३. भांडी रोज सकाळी काथ्याने घासायची, या हवेत एका दिवसात बुळबुळीत थर धरतो.

शिवाय लिंबाखाली एक पसरट घमेलं, त्यात दोन बोटं पाणी आणि मधोमध वीट. कोंबड्या आपणहून पाय बुडवून उभ्या राहतात.

एप्रिल: दाण्याची वेळ

खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढत जाते. दहा वाजता पोटभर भरडा खाल्लेली कोंबडी दुपारच्या उन्हात आतूनही तापत असते. म्हणून पहाटे साडेपाचला खाद्य, साडेनऊला भांडं उचलायचं आणि पुन्हा पाचनंतर. दुपारी फार तर काकडी किंवा कलिंगडाची साल, मूठभर.

या दिवसांत अंड्याचं कवच पातळ होतं, ते नुसतं कॅल्शियम कमी पडल्याने नाही. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे कवच बनायला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. खायचा सोडा पाव छोटा चमचा एका लिटरला, दुपारच्या एका भांड्यात. त्या दिवशी इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर) द्यायचं नाही, नाहीतर सोडियम जास्त होऊन हगवण लागते. सोड्यात व्हिनेगर मिसळलं तर दोन्ही वाया. शिंपल्यांचा चुरा मात्र संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा, कारण कवच मुख्यतः रात्री चढतं. व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून २ किलो खाद्यात मिसळतो, पण त्या दिवशी संपेल एवढ्याच खाद्यात. करून ठेवलं की जोर उतरतो.

पश्चिमेच्या जाळीवर ओलं गोणपाट टांगलं. वर दोन लिटरची बाटली आणि सलाईनची नळी, थेंब थेंब. गोणपाट जमिनीपासून हातभर वर आणि समोरची बाजू पूर्ण मोकळी. चारही बाजू झाकल्या की खुराड्याचं वाफेचं भांडं होतं. पाणी तोकडं असेल तर आधी पिण्याचं, मग पायांचं घमेलं, गोणपाट शेवटी.

मे: ऊन लागलेली कोंबडी

आधी खूण ओळखायची. पंख अंगापासून सुटे आणि चोच उघडी, ही पहिली पायरी. एवढ्यावर ती स्वतः सावरते, फक्त तिला पळवू नका, पकडू नका. मान लांब करून घसा थरथरवत जोरात धापा टाकते आणि पाणी समोर असून पीत नाही, तेव्हा हात घालायचा. डोळे मिटून, मान टाकून आडवी झाली तर हातात मिनिटंच आहेत.

१. सावलीत, वारा असेल तिथे न्या. बर्फ नको, फ्रिजचं पाणी नको. एकदम गार पाण्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. माठातलं गार नको, साधं पाणी घ्या.

२. पाय गुडघ्यापर्यंत घमेल्यात, पाच ते दहा मिनिटं.

३. जुना सोलापुरी टॉवेल भिजवून पिळा आणि पंख उचलून खालची कातडी, पोट, तुरा पुसा. पाठीवर पाणी ओतून उपयोग नाही, ते पिसांवरून घरंगळतं. ओल्या टॉवेलात गुंडाळूनही ठेवू नका. वाफ व्हायला हवा लागते, म्हणून पुसून पंख्यासमोर धरा.

४. चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, घोट सरळ फुफ्फुसात जातो. ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब, ती गिळते का बघा, मगच दुसरा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच नको.

५. मान धरू लागली की इलेक्ट्रोलाइट. पोल्ट्रीची पावडर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. नसेल तर माणसांचं ओआरएस निम्म्या ताकदीने, म्हणजे एका लिटरचं पाकीट दोन लिटर पाण्यात. शेजारी साधं पाणी असूच द्या. दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

घरातला डिजिटल थर्मामीटर कोंबड्यांसाठी वेगळा ठेवा. तेल लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर. हे थर्मामीटर साधारण ४३ च्या आत थांबतात आणि पुढे नुसता ‘एच’ दाखवतात. ‘एच’ जाऊन आकडा दिसू लागला की उतार पडतोय. ४२ च्या खाली आलं की ओलं करणं थांबवा, धापा थांबायला वेळ लागतो.

त्या रात्री ती वेगळी, सावकाश दुसऱ्या दिवशी कळपात. अशक्त कोंबडीला बाकीच्या टोचतात. अंडी काही दिवस बंद राहतील, त्यासाठी औषध शोधू नका.

एक गल्लत नेहमी होते, ती टाळा. पहाटे सहाला, गारव्यातही चोच उघडी असेल तर ते ऊन नाही. हिरवी हगवण, मान वळणं, एकामागून एक आजारी पडणं दिसलं तर मानमोडी (राणीखेत) समजून लगेच जनावरांच्या दवाखान्यात जा. मानमोडीची लस उन्हाळ्याआधीच द्यायची. मेमध्ये द्यावीच लागली तर दुपारी नाही.

जून: पहिला पाऊस पडल्यावर

हवा दमट झाली की ओलं गोणपाट उलटं काम करतं. वाफ होत नाही, आत फक्त दमटपणा वाढतो. ते उतरवलं, दोन्ही बाजू मोकळ्या केल्या, रात्री छोटा पंखा जाळीबाहेर ठेवला. वायर कोंबड्यांच्या चोचीपासून दूर. लिंबाखालची माती आता ओली होऊ द्यायची नाही, चिखल झाला की रक्ती हगवण येते.

पाचट उतरवायचं बाकी आहे. वर उंदरांनी घर केलंय का ते काठीने हलवून बघूनच हात घालणार, कारण उंदरामागे साप येतो.