पाटणच्या खोऱ्यात तार टिकवताना

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आम्ही दोघा भावांनी केबल टीव्हीचा धंदा सुरू केला, तेव्हा एक डिश, एक कंट्रोल रूम म्हणून घेतलेली खोली आणि खांबांवरून, आंब्या-फणसावरून ओढलेली वायर एवढंच भांडवल होतं. पुढे सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली. देशभरात टप्प्याटप्प्याने आलेला हा बदल 2017 पर्यंत खेड्यांपर्यंत पोचला. घरोघरी डीटीएचच्या छत्र्या लागल्या आणि आमचं गिऱ्हाईक झपाट्याने घटलं. पण खांब ओळखीचे होते, घरं ओळखीची होती, वसुलीला जाणारी पोरं घरातलीच. मग एका परवानाधारक इंटरनेट कंपनीची फ्रँचायझी घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढून तारा सांधायचं स्प्लायसिंग मशीन आणलं आणि इंटरनेटसाठी फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची तार, ओढायला लागलो.

या भागात मोठ्या कंपन्या का येत नाहीत, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाडी डोंगराच्या पोटात, मुख्य रस्त्यापासून लांब. घरं थोडी, त्यातली बरीच कुलपात, कारण कर्ती माणसं मुंबईला. मुंबईत ओझी वाहणाऱ्या माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. तेव्हापासूनची ही वाट आहे. कोयनेची वीज साऱ्या राज्याला जाते, वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि खालच्या वाडीतली आजी मुलाशी बोलायला टेकाड चढते. नफ्याचं गणित मांडून कुणी इथे येणार नाही. म्हणूनच सरकारने यात पडायला हवं, हे माझं पहिल्यापासूनचं ठाम मत आहे.

सरकार यात उतरलंही. 25 ऑक्टोबर 2011 ला केंद्राने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर केली. तिचंच पुढे भारतनेट झालं. पैसा करातून नव्हे, दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून घेतल्या जाणाऱ्या पाच टक्क्यांच्या निधीतून यायचा. म्हणजे शहरातला माणूस बिल भरतो, त्यातला वाटा वाडीकडे येतो. हा विचार मला मनापासून पटतो. काम दोन वर्षांत व्हायचं होतं. पहिल्या एक लाख पंचायती 2017 च्या डिसेंबरात झाल्या.

आमच्या ओळखीच्या एका ग्रामपंचायतीतही लोखंडी कपाट आलं, आत यंत्र, बॅटऱ्या. काही दिवस दिवे लुकलुकले, मग बंद. दाखले काढणारा ऑपरेटर स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करायचा. सातबारा ऑनलाइन, पीएम किसानची केवायसी ऑनलाइन, 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर; आणि पंचायतीत लाईन नाही. बिघाड कुणी काढायचा हेच ठरलेलं नव्हतं. केबल कुठेतरी रस्त्याच्या कामात तुटली होती. एका पंचायतीतून पुढच्या पंचायतीत अशी एकेरी केबल गेली असली, की मधे एक जेसीबीचा दात लागला तरी पलीकडची सगळी गावं अंधारात जातात.

कट काढणं, म्हणजे तुटलेली तार जोडणं, काय असतं ते सांगतो. ओटीडीआर नावाचं यंत्र तारेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून तूट किती मीटरवर आहे ते दाखवतं. पण ते मीटर तारेचे. डोंगरात वळणं घेत गेलेल्या तारेचं अंतर जमिनीवर शोधायला माणूस चालतच जावा लागतो. तूट सापडली की केसाएवढ्या काचेच्या धाग्याची टोकं साफ करून, सरळ कापून, मशीनच्या विजेच्या ठिणगीत सांधायची. वर छत्री धरायची, कारण पाऊस थांबत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात, तेव्हा तार वितळते. वानरं खांबावरून घरात जाणाऱ्या ड्रॉप वायरला लोंबकळतात. कराड-चिपळूण रस्त्याच्या रुंदीकरणाने तर आमची झोपच घेतली. तरी खोदाई सुरू होण्याआधी आम्हाला एक फोन आला, तर निम्मे कट टळतात. त्यासाठी केंद्राने 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढलं, पण ते प्रत्येक जेसीबीवाल्याच्या हातात जायला हवं.

2020 च्या टाळेबंदीत मुंबईकर गावी परतले आणि आमचा फोन वाजायचा थांबेना. हिशोब बघणाऱ्या माझ्या बायकोला बायाबापड्या सांगायच्या, “वहिनी, पोराची शाळा मोबाईलात भरतीया, कायबी करा पण तार आणा.” पुढच्या वर्षी जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्या दिवसांत तार जोडण्यामागे धंदा नव्हता. मुंबईतली माणसं घरच्यांचा आवाज ऐकायला तळमळत होती.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. ही रक्कम डोळे दिपवणारी आहे, पण मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. एक, केबल आता गोल फिरवून आणायची, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसरीकडून चालू राहील. दुसरी, जो बांधेल त्यानेच दहा वर्षं देखभाल करायची आणि तिचे पैसे करारातच धरलेले. बारा वर्षं आधी हे झालं असतं, तर ती कपाटं बंद पडली नसती. दीड कोटी ग्रामीण घरांत कनेक्शन द्यायचं उद्दिष्टही त्यात आहे, आणि ते आमच्यासारख्या गावातल्या उद्यमींमार्फत.

आम्ही आता भारतनेटचे असे उद्यमी म्हणून काम करतो. पंचायतीपर्यंत सरकारची फायबर. तिथून एक तार अनेक घरांत वाटणारा स्प्लिटर, ड्रॉप वायर, घरातला मोडेम आणि रात्री दहाचा “लाल लाईट लागलाय ओ दादा” हा फोन आमचा. महसुलाचा वाटा मिळतो, पण तो वेळेवर मिळाला तरच पोरांचा पगार निघतो. खांबांची आणि कोयनेच्या जंगलालगतची परवानगी एकाच खिडकीवर मिळावी, हीही मागणी आहे. देखभालीचा करार मोठ्या कंपनीशी झाला तरी डोंगर चढणारा माणूस गावातलाच असतो. त्याचा दर करारात लिहिलेला असावा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि सांगत राहीन.

यंदा मोरणा खोऱ्यातली खांबांवरची केबल जिथे जमेल तिथे जमिनीखाली घ्यायची आहे. आयटीआय झालेली किंवा शिकायची तयारी असलेली मुलं-मुली हवी आहेत; स्प्लायसिंग आम्ही शिकवू, शिकतानाही पगार देऊ. मृगाच्या आत काम उरकायचं आहे, तेव्हा दुकानात लवकर येऊन भेटा.