वाशांपर्यंत उतरवा

इंग्लंडमधल्या डेव्हनमधलं ते घर म्हणजे इनमीन तीन खोल्या. दगडी जोत्यावर कॉबच्या भिंती, म्हणजे माती आणि काड एकत्र तुडवून थरावर थर चढवलेल्या, दोन फुटांवर जाड. वर गव्हाच्या काडाचं छप्पर. सरकारी नोंदीत घर 17व्या शतकातलं. छप्पर गळत होतं, आणि कामाच्या तपशिलात मीच लिहिलं होतं: जुनं काड वाशांपर्यंत उतरवावं.

शाकारणीचा कारागीर साठीतला. कागद वाचून एवढंच म्हणाला, "आधी माळ्यावर जाऊन या."

पोटावर सरपटत गेलो. वाशाला हात लावला तर कोळशाच्या पोत्यात घातल्यासारखा झाला. वासे काळे, काड बांधलेले बंधही काळे, काडाची खालची बाजू डांबर फासल्यासारखी चकचकीत. खाली तर चांगलं दगडी धुराडं होतं. मग इथे एवढा धूर आला कुठून?

घर बांधलं तेव्हा धुराडंच नव्हतं. माळाही नव्हता. जमिनीवर मधोमध जाळ, वर थेट आढं, आणि धूर काडातून झिरपत बाहेर. या भागात धुराडी आणि माळे आले ते 16व्या-17व्या शतकात. नोंदीतलं शतक धुराड्याचं होतं, घराचं नव्हे! (कोकणात आमच्या आजोळीही चुलीवरच्या वाशांना कधी कीड लागली नाही, ती अशाच धुरामुळे.)

इथे शाकारताना फक्त वरचं कुजलेलं काड खरवडतात आणि हेझल या झुडपाच्या पिळलेल्या काटक्या खुपसून त्यावर नवा थर बसवतात. म्हणून सगळ्यात खालचा थर 400-500 वर्षं कोरडा राहिलेला.

कारागिराने त्यातली एक काडी अलगद ओढून माझ्या तळहातावर ठेवली. ओंबीसकट. दाणे नव्हते, कुसळं मात्र शाबूत. शेजारीच राय या गव्हासारख्या धान्याची ओंबी. "दोन्ही एकाच शेतात, मिसळून पेरायचे," तो म्हणाला.

खाली उतरलो तर मालकीणबाई चहा घेऊन उभ्या. माझा अवतार बघून म्हणाल्या, "वर एवढी घाण आहे? मग सगळं काढूनच टाकू या."

चहा गार होईपर्यंत त्यांना समजावत बसलो. मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून ते वाक्य खोडलं. कागदावर माझा काळा अंगठा उमटला.